रानातली रांग

रांग हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय संसारात इतका मुरला आहे की त्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. रेशनची रांग झाली, रॉकेलची झाली. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. स्कूटरचा नंबर लागेपर्यंत घरातले पोर बापाच्या खांद्याला लागे, हीही काही फार जुनी गोष्ट नव्हे. आज म्हाडाची सोडत निघते तेव्हा सारे घर श्वास रोखून यादी चाळते. परंतु रानात चरणाऱ्या एका हरणासाठी माणसे वीस-वीस वर्षे रांगेत उभी राहतात, दरवर्षी त्यासाठी पैसे भरतात आणि तरीही आपला नंबर येईल की नाही याची त्यांना खात्री नसते, असे सांगितले तर वाचक म्हणतील, ही काय थट्टा आहे?

थट्टा नव्हे. अशी रांग खरोखरीच आहे. आणि ती आहे अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत, म्हणजे कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, नेवाडा, ॲरिझोना, युटा या मुलखांत. शिकारीची ज्यांना मुळीच आवड नाही, किंबहुना ज्यांच्या अंगावर त्या शब्दानेच काटा येतो, त्यांनीही ही हकिगत वाचण्यासारखी आहे. कारण तिच्या पोटात जो प्रश्न आहे तो बंदुकीचा नाही, वाटणीचा आहे. वस्तू थोडी, मागणारे फार, आणि ती वस्तू सर्वांच्या मालकीची. मग ती द्यायची कोणाला?

आपल्याकडे हा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निकालात निघाला. त्यापूर्वी वनखात्याकडून जंगलाचा एखादा ‘ब्लॉक’ परवान्यावर मिळत असे; पुढे तो रस्ताच बंद झाला, आणि आपल्या वाघांची अवस्था पाहता तो बंद झाला हे बरेच झाले. अमेरिकेने मार्ग निराळा धरला. तेथेही एके काळी अंदाधुंद कत्तल झाली होती. एल्क नावाचे भव्य हरिण, जे आपल्या काश्मिरी हंगुलाचे जवळचे नातलग आहे आणि ज्याचा नर तीनशे किलोंचा सहज भरतो, ते विसाव्या शतकाच्या आरंभी लाखाच्याही आत आले होते. आज त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून अधिक आहेत. हे साधले ते कडक कायद्यांनी आणि शिकाऱ्यांच्याच पैशांनी. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये बंदुका व काडतुसे यांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटून दिला जातो, आणि परवान्यांचे उत्पन्नही राज्याच्या वन्यजीव खात्याकडे जाते.

या व्यवस्थेचे मूळ तत्त्व असे की रानातला प्राणी जमीनमालकाचा नाही आणि राजाचाही नाही. तो जनतेचा, आणि राज्य त्याचे विश्वस्त. खात्याचे जीवशास्त्रज्ञ हिवाळ्यात विमानातून कळप मोजतात, नर किती, माद्या किती, पाडसे किती जगली याचा हिशेब मांडतात, आणि एकेका विभागात यंदा किती जनावरे मारू द्यायची याचा आकडा ठरवतात. तेवढेच परवाने निघतात. अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. म्हणून सोडत.

आता जनता म्हणजे कोण? येथे ‘परराज्यातला’ हा गृहस्थ रंगमंचावर येतो. वायोमिंगचा प्राणी वायोमिंगच्या जनतेचा, तेव्हा न्यूयॉर्कचा किंवा न्यू जर्सीचा माणूस तेथे उपरा ठरतो. त्याला वाटा कमी आणि दाम अधिक. वायोमिंगमध्ये एल्कचा परवाना रहिवाशाला ५७ डॉलरला, तर बाहेरच्याला ६९२ डॉलरला, असा २०२४ चा दर होता. हा अन्याय आहे म्हणून मिनेसोटाचे काही शिकारी मोंटानाविरुद्ध भांडत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७६ साली मोंटानाचा रहिवासी ९ डॉलरमध्ये एल्कची शिकार करी आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. १९७८ साली न्यायालयाने निकाल दिला तो मोंटानाच्या बाजूने. पोटापाण्याचा धंदा करण्याचा हक्क वेगळा आणि हौसेने एल्क मारणे वेगळे. या हौसेसाठी राज्याने उपऱ्याला चढा दर लावला तर राज्यघटनेचा भंग होत नाही, असा त्याचा मथितार्थ. ॲरिझोनाने बाहेरच्यांवर घातलेल्या दहा टक्क्यांच्या मर्यादेवरूनही पुढे वाद झाला. तेव्हा २००५ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून राज्यांचा हा भेदभाव करण्याचा अधिकार पक्का केला.

तर असा हा नवखा उपरा. त्याने हरणामागे धावण्यापूर्वी धावायचे असते ते गुणांमागे. सोडतीत ज्याचे नाव निघाले नाही त्याला त्या वर्षी एक गुण मिळतो. हे गुण साठत जातात, आणि मनाजोगता परवाना मिळाला की बहुतेक ठिकाणी शून्यावर येतात. आपल्या पुराणांतल्या पुण्यसंचयाशी याचे नाते किती जवळचे आहे पाहा! गाठीला पुण्य असेतो स्वर्ग. भोगून संपले की पुन्हा मृत्युलोकी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मात्र प्रत्येक राज्याचा चित्रगुप्त निराळा. कोलोरॅडोत प्राधान्याचे गुण असतात: ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला आधी. एल्क आणि हरिण यांच्यापुरती तरी ही सरळ रांगच आहे. नेवाडात रांग नाही, मडक्यातल्या चिठ्ठ्या आहेत. गुणांचा वर्ग करून त्यात एक मिळवायचा आणि तितक्या चिठ्ठ्या नावावर टाकायच्या. पाच गुण असतील तर २६ चिठ्ठ्या, दहा असतील तर १०१. नवख्याची मात्र एकच. पण त्या एका चिठ्ठीचेही नाव निघू शकते, हे विसरू नये. ॲरिझोनाने दोन्ही पद्धतींची मोट बांधली आहे: वीस टक्के परवाने सर्वाधिक गुणवाल्यांना, उरलेले नशिबावर, तेथेही गुणांमुळे संधी वाढते. वायोमिंगमध्ये बाहेरच्यांचे एल्कचे परवाने पाऊण हिस्सा गुणांवर आणि पाव हिस्सा निव्वळ सोडतीवर जातात. आणि न्यू मेक्सिकोने हा सारा पसारा गुंडाळूनच ठेवला आहे. तेथे गुण नाहीत. काल आलेला आणि तीस वर्षे अर्ज करणारा दोघे सोडतीत सारखेच. मात्र वाटणी ठरलेली: १०० पैकी ८४ परवाने रहिवाशांना, १० वाटाड्याबरोबर जाणाऱ्यांना आणि अवघे ६ आपल्या आपण येणाऱ्या बाहेरच्याला.

सरळ रांगेची एक गोम ध्यानात घेतली पाहिजे. समजा, आज तुमचे गुण शून्य आहेत आणि पुढच्या माणसाचे वीस. पुढल्या वर्षी तुमचा एक होईल, पण त्याचे एकवीस होतील. तुम्ही चालता, तोही चालतो. अंतर तेवढेच राहते. ते कमी होते ते पुढची माणसे परवाना घेऊन रांगेबाहेर पडतील तेव्हाच. आता एखाद्या नामांकित विभागात बाहेरच्यांसाठी वर्षाला १० परवाने आहेत आणि तुमच्यापुढे ५०० माणसे आहेत असे धरा. हिशेब तिसरीतला मुलगाही करील: पन्नास वर्षे! त्यामुळे ज्या विभागाला काल दहा गुण पुरत होते त्याला आज बारा लागतात, उद्या चौदा लागतील. क्षितिजासारखी ही रेषा पुढे पुढे सरकत जाते. चाळिशीत नाव नोंदवणाऱ्याचा नंबर साठीपासष्टीला लागतो. दहा हजार फुटांच्या डोंगरावर, विरळ हवेत, मारलेल्या एल्कचे शंभर किलोंच्या आसपास मांस पाठीवरून खेपा करीत खाली आणायचे असते. ते रानात टाकून येणे हा तेथे गुन्हा आहे. परवाना हातात येतो तेव्हा गुडघे हातचे गेलेले असतात.

मग नवख्याने करावे काय? जाणते शिकारी जे सांगतात ते पुष्कळसे आपल्या आजीच्या व्यवहारज्ञानासारखे आहे. पहिली गोष्ट, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, तशीच दहा टोपल्याही घेऊन बसू नये. प्रत्येक राज्यात पैसे भरावे लागतात. वायोमिंगला एल्कचा एक गुण २०२४ च्या दराने ५२ डॉलरला पडत होता. दहा वर्षांचे झाले ५२० डॉलर, आणि परवान्याची किंमत वेगळीच. ॲरिझोनात गुण मिळवण्यासाठी आधी १६० डॉलरचा वार्षिक परवाना घ्यावा लागे. मोठ्या शिंगांच्या मेंढ्याचे तर नावच काढू नये. युटात त्याचा परवाना आयुष्यात एकदाच मिळतो, आणि पुष्कळांच्या आयुष्यात तो एकदाही येत नाही. तेव्हा दोन-तीन राज्ये निवडावीत: एक लांबच्या आशेचे, एक मध्यम पल्ल्याचे आणि एक जेथे गुणांवाचून नशीब अजमावता येते असे.

दुसरी गोष्ट, तारखा सांभाळाव्यात. वायोमिंगचा एल्कचा अर्ज फेब्रुवारीच्या आरंभी, न्यू मेक्सिकोचा मार्चमध्ये, कोलोरॅडोचा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असा क्रम असतो. वायोमिंगमध्ये लागोपाठ दोन वर्षे अर्जही केला नाही आणि गुणही घेतला नाही, तर साठवलेली सारी पुंजी पुसली जाते. आपल्या विम्याच्या हप्त्यासारखेच हे आहे. तिसरी गोष्ट, शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम आधीच पुरा करावा. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे, आणि ॲरिझोनात तर त्यांच्या खात्याचा अभ्यासक्रम पुरा केल्याबद्दल कायमचा एक गुण पदरात पडतो.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची: नुसती वाट पाहत बसू नये. कोलोरॅडोत पहिल्या पसंतीचा परवाना मिळाला तरच गुण खर्ची पडतात. दुसऱ्या पसंतीचा घेतला तर पुंजी शाबूत राहते. मादीच्या शिकारीला, धनुष्यबाणाच्या मोसमाला, किंवा ज्याची कोणी वाखाणणी करीत नाही अशा विभागाला कमी गुणांत परवाना मिळू शकतो. गवताळ माळावरच्या प्राँगहॉर्नची शिकार तर नवख्यासाठी शाळेसारखी मानतात. दरवर्षी असे काही ना काही करणाऱ्याला डोंगर कळतो, वारा कळतो, आपले पाय कळतात. वीस वर्षे केवळ गुण जमवलेला माणूस अखेरीस रानात जातो तो नवखाच!

तेथे नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मराठी मुलांपैकी कोणाला ही हौस लागली, तर त्यांनी आणखी दोन गोष्टी जाणून असाव्यात. तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगण्याची सामान्यतः मनाई आहे. राज्याचा शिकारीचा परवाना असणे हा त्या मनाईला दिलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. आणि कोलोरॅडोत सलग सहा महिने, वायोमिंगमध्ये पुरते एक वर्ष वास्तव्य झाले की उपऱ्याचा रहिवासी होण्याची वाट खुली होते.

हे सारे ठीक. पण मुळातला पेच उरतोच. ज्याने वीस वर्षे इमानाने पैसे भरले त्याला राज्याने एक वचन दिले आहे. उद्या गुण रद्द करून सर्वांना एका मडक्यात घातले तर त्या म्हाताऱ्याचा विश्वासघात होतो. आणि वचन तंतोतंत पाळायचे म्हटले, तर आज अठरा वर्षांच्या मुलाला दार कायमचे बंद होते. त्यातच राज्ये बाहेरच्यांचा वाटा आखडत चालली आहेत. कोलोरॅडोने २०२४ पासून तो पंचवीस टक्क्यांवर आणला, आणि पश्चिम भागात धनुष्यबाणाने एल्क मारण्याचा जो परवाना बाहेरच्यांना सोडतीवाचून मिळे तोही २०२५ पासून बंद केला. रांग लांबली आणि खिडकी अरुंद झाली. पाऊण हिस्सा जुन्यांना आणि पाव हिस्सा नशिबाला, ही वायोमिंगची तडजोड दोघांचेही पुरते समाधान करीत नाही. पण म्हाताऱ्याला मान आणि पोराला आशा, एवढे तरी ती देते.

आपल्या घरांच्या, शाळाप्रवेशांच्या आणि इस्पितळांच्या रांगांकडे पाहताना हा हिशेब मनाशी मांडून पाहण्यासारखा आहे. नंबर लावणाऱ्याला आपण नेहमी एवढेच सांगतो, थांब, तुझी पाळी येईल. ती कधी येईल, आणि आली तेव्हा तिचा उपयोग करण्याचे बळ त्याच्या अंगात उरलेले असेल काय, हे मात्र रांग लावणाऱ्यांनी पाहायचे असते.