४८ तासांची वही

हौशी रेडिओचा छंद जोपासणाऱ्यांना जगभर 'हॅम' म्हणतात. शासनाचा परवाना घेऊन, स्वतःच्या यंत्राने आणि स्वतःच उभारलेल्या अँटेनाने दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी बोलणे, हा त्यांचा आनंद. या संभाषणात ना दूरध्वनीची तार असते, ना मोबाईलचा मनोरा. व्यापारी निरोप धाडण्यास नियमानेच मनाई आहे. म्हणजे धंद्याच्या दृष्टीने सर्वस्वी निरुपयोगी असा हा उद्योग. तरीही त्याची सर्वांत मोठी स्पर्धा ज्या कसोटीवर उभी आहे, ती व्यापाऱ्याला तत्काळ उमगेल. ती कसोटी म्हणजे वहीचा ताळमेळ.

'सीक्यू वर्ल्ड वाइड' या नावाने ही स्पर्धा ओळखली जाते. आवाजी संभाषणाची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होते आणि मोर्स संकेतांची फेरी नोव्हेंबरच्या. भारतीय वेळेनुसार शनिवारी पहाटे ५.३० वाजता ती सुरू होते व सोमवारी पहाटे ५.३० वाजता संपते. पेठेत दिवाळीची गर्दी उसळण्याचे हेच दिवस. त्यामुळे दुकानदार हॅमला गिऱ्हाईक आणि रेडिओ यांत निवड करणे जड जाते.

प्रत्येक संपर्क अवघ्या काही सेकंदांचा. दोघांनी एकमेकांचे परवाना-चिन्ह सांगायचे, आवाज कसा पोहोचतो याचा अंक द्यायचा आणि आपला विभाग सांगायचा. त्यासाठी जगाचे ४० विभाग पाडलेले आहेत. भारताच्या मुख्य भूमीचा विभाग २२. महाराष्ट्रातून युरोपशी संपर्क झाला, तर खंड वेगळा म्हणून ३ गुण. जपानशी झाला, तर खंड एकच म्हणून १ गुण. स्वदेशातील संपर्काला गुण शून्य. या एकूण गुणांना, प्रत्येक तरंगपट्ट्यावर जोडलेले देश व विभाग यांच्या बेरजेने गुणायचे.

या गुणाकारात स्पर्धेचे सारे मर्म आहे. समजा, हाती ५०० गुण आणि गुणक ४०. म्हणजे एकूण २०,०००. आधी जोडलेल्याच युरोपीय देशाचा आणखी एक संपर्क मिळाला, तर १२० ची भर पडते. तोच संपर्क नव्या देशाचा असेल, तर गुणक ४१ होऊन ६२३ ची. म्हणून जाणता स्पर्धक कधी सोप्या संपर्कांची रास लावतो, तर कधी एका क्षीण आवाजासाठी पंधरा मिनिटे कान टवकारून बसतो. कोणता माल किती फिरवावा आणि कशाची वाट पाहावी, हा हिशेब त्याला घटकाघटकाला करावा लागतो.

निसर्गाचा हिशेब त्याहून अवघड. हे तरंग वातावरणाच्या वरच्या थरातून, आयनांबरातून, परतून येतात आणि तो थर सूर्याच्या लहरीनुसार बदलत असतो. २० मीटरचा पट्टा दिवसा दूरवर पोहोचतो. रात्री ४० मीटरचा उपयोगी पडतो. १० मीटरचा पट्टा मात्र सौरडागांवर अवलंबून. सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्रात डाग वाढले की तो उघडतो, घटले की बहुतेक काळ मुका राहतो. अनुकूल वेळ असेल, तर ५ वॅट शक्तीवरही समुद्रापार बोलता येते; घरातील ९ वॅटच्या दिव्याला याहून अधिक वीज लागते.

मिळवलेला प्रत्येक संपर्क त्याच क्षणी नोंदवायचा असतो. स्पर्धा संपल्यावर ५ दिवसांत ही नोंदवही आयोजकांकडे जाते आणि तेथे खरी परीक्षा होते. संगणक एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी ताडून पाहतो. समोरच्याच्या वहीत आपले चिन्ह नसेल किंवा आपण त्याचे एक अक्षर चुकीचे लिहिले असेल, तर संपर्क रद्द होतोच, शिवाय दंडाचे गुणही कापले जातात. 'बी' आणि 'डी' कानाला सारखेच वाटतात; म्हणून 'ब्राव्हो', 'डेल्टा' असे शब्द योजून अक्षरे सांगतात. थकलेल्या कानाने अंदाजाने लिहिलेले अक्षर फार महागात पडते.

याहून कडक नियम पुढे आहे. वेळ संपल्यावर ध्वनिमुद्रण ऐकून किंवा परवानाधारकांची यादी पाहून नोंद दुरुस्त करण्यास बंदी आहे. मिटलेल्या वहीत खाडाखोड चालत नाही. १०० वॅटच्या गटात नाव देणाऱ्याच्या खोलीत यंत्र किती शक्तीवर चालते, हेही सहसा पाहायला कोणी येत नाही. हे सारे सांभाळून मिळते काय? रोख पारितोषिक नाही. प्रमाणपत्र आणि अव्वल आलेल्यांना स्मृतिफलक, एवढेच.

या छंदाचे मोल किती, हे २६ डिसेंबर २००४ रोजी दिसले. अंदमानातून फार वर्षे हॅम प्रसारण झाले नव्हते. जगभरच्या हॅमना तो दुर्मीळ संपर्क मिळावा, म्हणून हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमेच्युअर रेडिओचे पथक पोर्ट ब्लेअरला गेले होते. श्रीमती भारती प्रसाद त्याच्या प्रमुख होत्या. त्सुनामी आली, दूरध्वनी कोलमडले, आणि छंदासाठी मांडलेली ती यंत्रे बेटावरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील नातलगांपर्यंत पोहोचवू लागली. कोलाहलातून क्षीण आवाज निवडणे, नाव अचूक लिहिणे आणि थोड्या शब्दांत निरोप देणे हा हॅमचा रोजचा सराव त्या दिवशी कामी आला.

भारतात वयाच्या १२ व्या वर्षापासून दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हा परवाना घेता येतो. गच्चीवर सुमारे १० मीटर लांबीची तांब्याची तार नीट ताणली, तर २० मीटरच्या पट्ट्याची साधी अँटेना होते. निकालानंतर प्रत्येक स्पर्धकाला त्याच्या वहीचा तपासणी-अहवाल पाहायला मिळतो: कोणती नोंद रद्द झाली आणि का. मुरलेले हॅम आपला क्रमांक पाहण्याआधी तो अहवाल उघडतात.