वैशाखातली शाकारणी

सकाळी ७. भोरमधल्या या खासगी वाड्यावर दिवस चुन्यापासून सुरू होतो. कळीचा चुना विझवून हौदात पाण्याखाली मुरत ठेवलाय, त्यातला आजच्यापुरता घाणीत जातो. त्यात वाळू, विटांची सुरखी, गूळ आणि हिरड्याचं पाणी.

८.३०. वेल्ह्याकडचे गवंडीमामा येतात. आज ओसरीच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा उतरवायचा. खरं तर जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचा निम्मा वेळ आधीच्या दुरुस्त्या काढण्यात जातो. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते; सिमेंट ती कोंडतं आणि ती शेजारच्या लाकडात शिरते. "ही पापडी नुसती पोकळ वाजतेय बघा, साहेब," मामा हातोडीच्या दांड्यानं ठोकून दाखवतात. पापडी निघते, मागे विटांचा भुगा.

११. त्याच भिंतीलगतच्या सागवानी खांबाचा पाय कुजलाय. तुळईखाली टेकू देऊन सुतार तेवढाच भाग कापतो आणि नव्या सागाचा जोड खाचेत बसवतो. अख्खा खांब बदलणं सोपं, पण वरचं लाकूड अजून लोखंडासारखं आहे.

१. डबा, आणि मालकांचा फोन. मालक म्हणजे पाच चुलतभाऊ, सगळे पुण्यात. १९४८ ला भोर संस्थान विलीन झालं, मग कूळकायद्यात जमिनी गेल्या; डागडुजीचा खर्च ज्यातून निघायचा तेच आटलं. उरल्या वाटण्या. धाकट्यांना ओसरीत चकचकीत फरशी हवीय. मी ऐकून घेतो, हो म्हणत नाही.

३. संस्थानच्या राजवाड्याकडे चक्कर. चिमणाजी रघुनाथ पंतसचिवांनी तो १८६९ मध्ये बांधला. सचिवपदाचं घराणं शंकराजी नारायणांपासूनचं, राजाराम महाराजांच्या काळातलं. लोकांना हा वाडा सिनेमातून ठाऊक. सुतार मात्र खांबांच्या माथ्यांकडे आणि महिरपींकडेच बघत बसतो. माझी वही तळखड्यांच्या मापांनी भरते. आमच्या वाड्याचे कारागीर इथलेच असावेत असं मला वाटतं. पुरावा काही नाही.

५.३०. छपरावर. भोर-वेल्ह्याचा पाऊस सलामी देत नाही, थेट येतो, म्हणून शाकारणी त्याआधी उरकायची. नळीची कौलं कमी पडतायत. शेजारच्या गावात एक घर पाडतायत, तिथल्या कौलांसाठी घासाघीस चाललीय. त्या घराचा मालक नगाला दोन रुपये जास्त मागतोय. गवंडीमामा म्हणतात, "द्या. मृग काय आपल्या भावासाठी थांबणारेय?"

टेम्पो उद्या सकाळी जाईल.