झूकीपर व्हायचंय म्हणजे नक्की काय?



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत नेहमीचा प्रश्न आला, "धाकटीचं काय ठरलं? बायो की कॉम्प्युटर?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, "झूकीपिंग." रांग क्षणभर शांत. मग एक काकू सावरून म्हणाल्या, "म्हणजे व्हेट ना?" नाही हो, व्हेट नाही. प्राणिसंग्रहालयात जनावरांची रोजची निगा राखणारी झूकीपर. तेव्हापासून इतक्या जणांनी फोन करून विचारलं (काहींनी काळजीने, काहींनी निव्वळ कुतूहलाने) की शेवटी लिहूनच टाकावं असं ठरवलं.

खरं सांगायचं तर आम्हालाही पहिल्यांदा धक्काच बसला होता. आमच्या डोळ्यांसमोर पुण्याचं जुनं पेशवे पार्क. तिथे खराटा आणि बादली घेऊन पिंजरे धुणारा माणूस आम्ही लहानपणी पाहिलेला. त्यासाठी कॉलेज कशाला लागतं? आणि त्यासाठी आपण अमेरिकेत आलो का? दुसरा प्रश्न आम्ही मोठ्याने विचारला नाही, पण मनात होताच.

कॉलेज लागतं. आणि आपल्या दक्षिण कॅलिफोर्नियातच ते आहे. व्हेंच्युरा काउंटीतलं मूरपार्क कॉलेज म्हणजे साधं कम्युनिटी कॉलेज, पण त्याच्या आवारातच एक खरंखुरं झू आहे. १९७४ साली विल्यम ब्रिस्बी यांनी हा अभ्यासक्रम तिथे सुरू केला. सिंहापासून पोपट-कासवांपर्यंतच्या प्राण्यांची निगा विद्यार्थीच राखतात, अर्थात शिक्षकांच्या देखरेखीखाली. दोन वर्षांनी असोसिएट डिग्री मिळते. फ्लोरिडात गेन्सव्हिलच्या सांता फे कॉलेजातही असंच शिकवण्याचं झू आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे ४६ डॉलर पडते. रहिवासी नसलेल्यांना ती कितीतरी जास्त असते, तेव्हा ज्यांच्या मुलांचा व्हिसाचा प्रश्न आहे त्यांनी आधी कॉलेजकडे चौकशी करावी. फॉर्म भरण्याआधी जीवशास्त्र, इंग्रजी वगैरे काही विषय पुरे करावे लागतात.

आता शिकवतात काय? प्राण्यांचं वर्गीकरण, शरीररचना, आहारशास्त्र, वर्तनशास्त्र, आणि याच्या जोडीला दररोज हाताने करायचं काम. दिवस पहाटे सुरू होतो. जनावरांना शनिवार-रविवार कळत नाही आणि थँक्सगिव्हिंगही कळत नाही, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही पाळी लागते. सफाई, मग खाणं तयार करणं. हे खाणं म्हणजे उरलंसुरलं टाकणं नव्हे. प्रत्येक प्राण्याचा तक्ता असतो, वजन करून भाज्या चिरायच्या, मांस तोलायचं. काही माशांमध्ये एक असं द्रव्य असतं की त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. म्हणून पेंग्विन किंवा सीलला मासा देताना त्याच्या कल्ल्यात जीवनसत्त्वाची गोळी खुपसून देतात. आपल्याकडे मुलांना केळ्यात घालून औषध देतात ना, तसंच.

इथे आमच्या घरात खरी पंचाईत झाली. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. आणि घुबडं, ससाणे, साप यांना लागतात उंदीर! ते गोठवलेले येतात, आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवायचे आणि सकाळी मोजून द्यायचे. लेक सध्या घराजवळच्या एका छोट्या प्राणी निवाऱ्यात दर वीकेंडला काम करते, तिथे हे सगळं तिच्या वाट्याला आलं. पहिल्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. आम्हाला वाटलं, सुटलो, आता विचार बदलेल. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा गेली. आजीने फोनवर विचारलं, "अगं, हात तरी नीट धुतेस ना?" हात तर सारखे धुवावेच लागतात. माणसाकडून प्राण्याला आणि प्राण्याकडून माणसाला रोग जाऊ नये हा शिक्षणाचा मोठा भाग आहे. नवीन आलेला प्राणी आधी वेगळा ठेवायचा, बुटांचे तळवे जंतुनाशकात बुडवायचे, हे नियम त्यासाठीच.

पण आमचं मत बदललं ते एका वहीमुळे. निवाऱ्यात एक म्हातारी कासवीण आहे, वाळवंटी जातीची. लेक प्रत्येक वेळी लिहून ठेवायची: किती खाल्लं, किती चालली, विष्ठा कशी होती. (मराठी या बाबतीत किती श्रीमंत आहे पहा. गाईचं शेण, घोड्याची लीद, शेळीची लेंडी, पाखराची शीट. इंग्रजीत सगळ्याचा एकच कारभार.) एके दिवशी तिने वहीवरून दाखवलं की सलग तीन भेटींत कासविणीने पाला अर्धाच खाल्लाय आणि मागच्या पायांनी सारखी माती उकरतेय. व्हेटनी एक्स-रे काढला तर पोटात अंडी अडकलेली. ती वाचली. कासव ओरडत नाही, कण्हत नाही. जंगलात दुखणं दाखवणारा प्राणी आधी मारला जातो, म्हणून बरेचसे प्राणी ते शेवटपर्यंत लपवतात. कीपरचं खरं काम हे लपवलेलं ओळखणं. झाडणं हा त्यातला सोपा भाग. ती वही आम्ही दोघांनी रात्री बसून पहिल्या पानापासून वाचली.

दुसरं मोठं शिक्षण म्हणजे प्राण्याला शिकवणं. सर्कशीतला चाबूक डोळ्यांसमोर आणू नका. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून आलेली ही पद्धत आहे. काठीच्या टोकाला चेंडू असतो. प्राण्याने त्याला नाक लावलं की त्याच क्षणी शिट्टी आणि लगेच खाऊ. शिट्टीचा अर्थ "बरोबर, आत्ता केलंस तेच". चुकलं तर शिक्षा नाही, फक्त काहीच घडत नाही. अशा बारीक बारीक पायऱ्यांनी सिंह जाळीला अंग टेकवून उभा राहायला शिकतो, शेपटी फटीतून बाहेर देतो आणि तिच्या शिरेतून रक्त काढू देतो, बेशुद्ध न करता. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या चेयेन माउंटन झूमध्ये जिराफ स्वतः पाय पुढे करून खूर तासून घेतात. एवढ्या मोठ्या जनावराला भूल देणं जिवावरचं असतं, म्हणून या शिकवण्याला इतकं महत्त्व.

याच मूरपार्कच्या विद्यार्थ्यांमध्ये राहून एमी सदरलँड या लेखिकेने एक पुस्तक लिहिलं. तिथे शिकलेल्या युक्त्या तिने स्वतःच्या नवऱ्यावर वापरल्या आणि त्यावर २००६ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, तो प्रचंड गाजला. नको ती गोष्ट केली की लक्षच द्यायचं नाही, हवी ती केली की लगेच कौतुक. आमच्यापैकी एकाने तो लेख वाचल्यापासून दुसऱ्याचे मोजे धुण्याच्या टोपलीतच पडतात. कोणी कोणाला शिकवलं ते सांगत नाही.

धोका आहे का? आहे. २५ डिसेंबर २००७ ला सॅन फ्रान्सिस्को झूमधली वाघीण भिंत ओलांडून बाहेर आली आणि एका तरुणाचा जीव गेला, हे बे एरियातल्या अनेकांना आठवत असेल. म्हणून कुलपांचा धडा घोकून घेतात. आत पाऊल टाकण्याआधी प्राणी मोजायचे, मधलं दार लावायचं, कुलूप ओढून पाहायचं, मग पुन्हा ओढून पाहायचं. माकडांच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, त्यांच्या भाषेत ती धमकी.

पगाराचं मात्र गोड बोलून सांगता येणार नाही. कमीच असतो. प्राणिसंग्रहालयांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता असलेल्या संस्था अडीचशेच्या आसपास, आणि येणारे उमेदवार भरपूर. बऱ्याच जणांना आधी बिनपगारी किंवा हंगामी काम करावं लागतं, गाव सोडून दूर जावं लागतं. म्हणून आम्ही एक अट घातली: दोन वर्षांनंतर जीवशास्त्राची बॅचलर डिग्री पुरी करायची. तिने ती मान्य केली, थोडी घासाघीस करून.

आणि प्राणी कोंडावेतच का, हा प्रश्न? आमच्या घरात तो अजून सुटलेला नाही. कॅलिफोर्निया काँडर हे गिधाड १९८७ साली जंगलात एकही उरलं नव्हतं. लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोच्या झूंनी पिल्लं वाढवून ते पुन्हा आकाशात सोडलं. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा वाघही आम्ही पाहिलाय. लेक म्हणते, "तो आत आहेच ना बाबा, मग त्याच्याकडे कोणीतरी नीट लक्ष द्यायला नको?"

मूरपार्कचं झू शनिवार-रविवारी लोकांसाठी उघडं असतं, विद्यार्थीच प्राण्यांची माहिती सांगतात. जाण्याआधी वेबसाइटवर वेळ पाहून घ्या. कोणाच्या मुला-मुलीला या वाटेची आवड असेल तर येत्या पॉटलकला आम्हाला गाठा. लेकीचा फॉर्म गेला आहे, उत्तर यायचंय. आजी रोज फोन करून विचारते, आणि आधी विचारते ते कासविणीचं.