साखळी कशाला बांधायची?

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागलात की सातपूरची औद्योगिक वसाहत लागते. मोटारगाड्या, त्यांचे सुटे भाग आणि यंत्रसामग्री येथे तयार होते. अशा कारखान्यांना लागणारा पोलादी पत्रा मोठाल्या गुंडाळ्यांच्या रूपात ट्रकमधून नेतात. चालक त्या गुंडाळीला 'कॉइल' म्हणतात. ती साखळ्यांनी करकचून बांधलेली असते. दहा टनांची वस्तू! ती आपल्या वजनानेच जागच्या जागी राहणार नाही काय? मग साखळी कशाला?

याचे उत्तर देण्यापूर्वी एक सवय लावून घेऊ. ज्या वस्तूंचा विचार करायचा, त्यांच्याभोवती मनातल्या मनात एक रेघ ओढावी. रेघेच्या आतील सर्व वस्तू मिळून झाली आपली 'संहती'. बाहेरच्या वस्तू तिच्यावर जे बल लावतात ते बाह्य बल. आतल्या वस्तू एकमेकींवर जे लावतात ते अंतर्गत बल. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथातील तिसऱ्या नियमाप्रमाणे अंतर्गत बले जोडीने येतात. ती समान व विरुद्ध दिशेची असल्यामुळे त्यांची बेरीज शून्य होते. म्हणूनच बंद पडलेली एस.टी. आत बसून ढकलता येत नाही. हातांनी पुढे रेटावे, तर पाय तिला तेवढ्याच बलाने मागे रेटतात. खाली उतरून रस्त्याला पाय रोवले, की मग ती हलते.

आता आपल्या ट्रककडे वळू. समजा, रिकामा ट्रक ६ टनांचा आणि कॉइल १० टनांची आहे. वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. चालकाने ब्रेक दाबून ५ सेकंदांत गाडी थांबवली. तेव्हा दर सेकंदाला वेग ३ मीटर प्रति सेकंद इतका घटला.

पहिली रेघ ट्रक व कॉइल या दोहोंभोवती ओढा. वस्तुमान १६,००० किलोग्रॅम. थांबवणारे बल १६,००० × ३ = ४८,००० न्यूटन. हवेचा अल्प विरोध सोडून दिला, तर हे बल रस्ता टायरांवर लावतो. या हिशेबात साखळीचे नावही आले नाही, कारण तिचे बल अंतर्गत आहे.

आता रेघ फक्त कॉइलभोवती ओढा. तिला थांबवण्यास १०,००० × ३ = ३०,००० न्यूटन बल हवे. पण तिचा रस्त्याशी कसलाच संबंध नाही! तिला अडवणार ते हौद्याच्या तळाचे घर्षण. पोलादी तळ तेलकट असेल, तर घर्षणांक ०.२ धरू. कॉइलचे वजन सुमारे १,००,००० न्यूटन. म्हणून घर्षण फार तर २०,००० न्यूटन. उरलेले १०,००० न्यूटन कोण देणार? साखळी! मघाशी हिशेबात नसलेली साखळी आता बाह्य बल लावते आहे.

साखळी नसेल, तर ट्रक थांबतो आणि कॉइल मात्र पुढे सरकत राहते. पुढे असते चालकाची केबिन. कॉइल 'पुढे फेकली गेली' असे लोक म्हणतात. पण तिला पुढे फेकणारे बल कोणतेच नसते. तिला पुरेसे अडवणारे बल नव्हते, एवढेच. वजन जास्त म्हणून ती सुरक्षित, हा समजही खोटा ठरतो. वजन दुप्पट केले तर घर्षण दुप्पट होते, पण थांबवण्यास लागणारे बलही दुप्पट होते!

ताळा पाहायचा आहे? तिसरी रेघ रिकाम्या ट्रकभोवती ओढा. रस्ता त्याला ४८,००० न्यूटन बलाने मागे रोखतो, तर कॉइल घर्षण व साखळी यांच्याद्वारे ३०,००० न्यूटनने पुढे ओढते. बाकी १८,०००, आणि ६,००० × ३ हेही १८,०००च!

घरी एक प्रयोग करा. गुळगुळीत पुठ्ठ्याच्या पुस्तकावर नाणे ठेवा. पुस्तक टेबलावरून सरकवत न्या आणि एकदम थांबवा. नंतर नाण्यापुढे मेणाचा लहानसा बांध घालून तेच पुन्हा करा. दोन्ही वेळा फक्त नाण्याभोवती रेघ ओढून त्याच्यावरील बाह्य बलांची यादी वहीत लिहा. बसमध्ये चालक आसनपट्टा का बांधतो, हेही मग तुम्हालाच सांगता येईल.