रिमची कड सांभाळताना

शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीला आज नवा कोरा टायर मिळू शकतो. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा इथली कोकर टायर ही कंपनी जुन्या मापांचे, जुन्या नक्षीचे टायर बनवून जगभर विकते. रिमचं तसं नाही. फोर्डच्या ‘मॉडेल टी’सारखी दीड कोटींहून अधिक खपलेली गाडी असेल तर कुठून तरी दुसरं चाक मिळेलही. पण ज्या गाड्या मुळातच थोड्या बनल्या, त्यांच्या बाबतीत चाकाला जी रिम आहे तीच शेवटची. म्हणून जुन्या गाडीचा टायर चढवण्याच्या कामात एकच नियम मी सगळ्यांत वर ठेवतो: टायर बिघडला तर बिघडू दे, रिमला ओरखडाही येता कामा नये. पंक्चरच्या दुकानात रोज चालणारं काम नेमकं याच्या उलट असतं. तिथे टायर वाचवायचा असतो, रिम ठोकून सरळ करता येते.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीने १९२६ साली मुंबईत आपली भारतीय शाखा उघडली. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. त्या काळातली कितीतरी चाकं आजही आपल्याकडच्या वाड्यांत, गोठ्यांत, गोदामांत पडून आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं आली. आता या गाड्या बाहेर निघतील, आणि बाहेर निघणाऱ्या गाडीची पहिली गरज टायर हीच असते.

टायरला हात लावण्याआधी रिम कोणत्या जातीची आहे ते ओळखायला हवं. सगळ्यांत जुनी जात क्लिंचर. १८९० साली ब्रिटनमध्ये विल्यम बार्टलेट यांनी तिचं पेटंट घेतलं. या रिमच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या असतात आणि टायरच्या कडेला रबराचा जाड ओठ असतो. तो त्या वळणात अडकतो आणि आतल्या हवेच्या दाबाने तिथेच धरून राहतो. टायरच्या कडेत तार नसते, म्हणून ती ताणली जाते. त्याच १८९० साली चार्ल्स वेल्च यांनी दुसरी वाट काढली: टायरच्या कडेत न ताणणारी तार आणि रिमच्या मध्यभागी गोल फिरणारा खोलगट पन्हाळ. आज आपल्या मोटारींची चाकं चालतात ती वेल्च यांच्या वाटेने. या दोन जातींची टायर चढवण्याची रीत पूर्णपणे निराळी आहे. एकीची रीत दुसरीवर वापरली की रिमची कड गेलीच म्हणून समजा.

मापं वाचतानाही फसगत होते. मॉडेल टीच्या पुढच्या चाकाचा टायर ३० बाय ३ आणि मागचा ३० बाय साडेतीन. यातला ३० हा आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा आहे, रिमचा नव्हे. तीसमधून टायरची जाडी दोनदा वजा केली की पुढची रिम २४ इंची आणि मागची २३ इंची निघते. फोर्डच्याच पुढच्या काळातल्या ‘मॉडेल ए’वर मात्र ४.५०-२१ असं लिहिलेलं असतं, तिथे २१ हा रिमचाच व्यास. टायर मागवण्याआधी हे गणित कागदावर करावं. इंचभर लहान टायर नेट लावून चढवण्याच्या खटपटीत कड वाकते.

क्लिंचरकडे आधी वळतो, कारण खरी कसोटी तिथे आहे. या रिमला मधला पन्हाळ नाही. म्हणजे टायरची कड कुठे आत दडवून दुसरीकडे सैल करण्याची सोय नाही. टायरने ताणूनच रिमवरून पलीकडे जायला हवं. थंड, ताठर रबर ताणत नाही. मग माणूस लांब पहार घेतो, पहारीचा टेकू रिमच्या वळवलेल्या कडेवर येतो आणि शंभर वर्षांचा पातळ पत्रा उलगडतो. एकदा उलगडलेली कड पुन्हा तशीच वळवता येत नाही. तिथे टायरचा ओठ नीट अडकत नाही आणि चालत्या गाडीत टायर बाहेर निसटू शकतो.

यावर इलाज आहे ऊन. टायर आणि ट्यूब दोन-तीन तास कडक उन्हात ठेवावी. चैत्र-वैशाखात आपल्याकडे ही सोय फुकट आहे. गरम टायर हाताला लवचीक लागला की काम सुरू करावं. चाक जुन्या सतरंजीवर आडवं ठेवावं. पहिली कड पूर्ण आत घ्यावी. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड, म्हणजे साधी टाल्कम पावडर, चोळून तिच्यात तिला गोल आकार येईल इतकीच हवा भरावी. व्हॉल्व्ह भोकात घालून त्याचं नट सैल ठेवावं. टायरसोबत फ्लॅप, म्हणजे ट्यूबला जपणारा रबरी पट्टा, दिलेला असेल तर तो ट्यूब आणि टायरच्या कडा यांच्या मधे सुरकुती न पडता बसवावा. मग दुसरी कड एका वेळी दोन-दोन इंच सरकवत न्यावी. बसलेला भाग मागे निसटू नये म्हणून तो गुडघ्याने दाबून धरावा लागतो. शेवटची वीतभर कड सगळ्यांत चिवट. तिथे घाई केली की ट्यूब चिमटते किंवा रिम खरवडते. थांबावं, टायर पुन्हा उन्हात ठेवावा, नंतर परत यावं.

मॉडेल टीच्या सुरुवातीच्या गाड्यांची रिम चाकापासून सुटी होत नसे. रस्त्यात पंक्चर झालं तर चाक गाडीला असतानाच हा सगळा खटाटोप करावा लागे. सुट्या होणाऱ्या रिम फोर्डने १९१९ मध्ये आणल्या. त्या काळच्या चालकाच्या हाताला काय सवय असेल याची यावरून कल्पना येते, आणि मला त्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.

मॉडेल टीच्या या चाकांचे आरे लाकडी असतात. आपल्या सुताराला आणि लोहाराला हे चाक नवीन नाही. बैलगाडीच्या चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओतलं की ती आकसते आणि सगळे आरे आवळून धरते. तसंच इथेही लाकूड आणि लोखंड एकमेकांना दाबून धरतात. अशा चाकावर हातोड्याचा घाव घातला की तो घाव रिमपुरता राहत नाही, आऱ्यांच्या जोडापर्यंत पोचतो. म्हणून टायर बसवायला रबरी हातोडासुद्धा जपून वापरावा आणि लोखंडी तर जवळही ठेवू नये.

पन्हाळ असलेल्या रिमचं काम सोपं आहे, पण फक्त समजून करणाऱ्याला. मॉडेल ए आणि एमजी टीसी या गाड्यांची तारांची चाकं या जातीची. टायरच्या कडेत पोलादी तार आहे, ती ताणणार नाही. रिमच्या कडेचा घेर तिच्यापेक्षा मोठा आहे. मग ती आत जाते कशी? समोरच्या बाजूची कड पन्हाळात खोल उतरवली की अलीकडच्या बाजूला तेवढी जागा मोकळी होते. ट्यूबचा व्हॉल्व्ह पन्हाळातली जागा अडवतो, म्हणून काम व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवावं. लिव्हरवर जोर लावावा लागतोय असं वाटलं की जोर वाढवू नये. समोर जाऊन पाहावं. तिथली कड पन्हाळातून वर चढलेली असते. ती पायाने खाली दाबली की हातातलं काम हलकं होतं.

लिव्हर आखूड, चपटी आणि गोल टोकांची घ्यावी. टोकांवर धार किंवा कंगोरे असतील तर कानशीने घासून काढावेत. लिव्हर आणि रिम यांच्या मधे चामड्याची पट्टी किंवा प्लॅस्टिकच्या कॅनचा कापलेला तुकडा ठेवला की रंग वाचतो. टायर बसवण्यासाठी मिळणारी पेस्ट कडेला लावावी. ग्रीस आणि इंजिन ऑइल वापरू नये, त्याने रबर फुगतं. भांड्याच्या साबणाचं पाणी आत राहिलं तर गंज धरतो, आणि कोकणच्या दमट हवेत तर तो फार लवकर धरतो.

टायर बदलण्याचं मशीन या कामाला मी सुचवणार नाही. त्याचा जबडा रिमची कड पकडतो आणि टायर सुटा करणारं पातं बाजूने दाबतं. आजची जाड रिम ते सोसते. लाकडी आऱ्यांचं चाक त्यावर धरताच येत नाही आणि तारांच्या चाकाचे आरे त्या दाबाने वाकू शकतात.

जुना टायर उतरवताना तर अजिबात दया दाखवू नये. वर्षानुवर्षं पडून असलेला टायर दगडासारखा होतो आणि गंजाने रिमला चिकटतो. तो सलामत काढण्याच्या नादात लोक रिम तासतात. हवा पूर्ण काढून, व्हॉल्व्हची पिन बाहेर घेऊन, टायर कापून टाकावा. क्लिंचरच्या कडेत तार नसल्याने चाकू पुरतो. तारेच्या टायरला कड रिमपासून उचलून धरून हॅकसॉ लावावी. ग्राइंडर नको. मग रिम तपासावी. वळवलेल्या कडेच्या आतला गंज खरवडून पत्रा किती उरलाय ते बघावं. रंग दिला असेल तर तो पुरता कडक होईपर्यंत टायर चढवू नये. ओला रंग टायरला चिकटतो आणि पुढच्या वेळी साली निघतात. तारांच्या चाकात आऱ्यांची टोकं घासून वर रबरी पट्टी लावावी, नाहीतर ती ट्यूबला टोचतात.

हवा भरणं हे शेवटचं आणि सगळ्यांत धोक्याचं काम. ट्यूबला थोडी हवा देऊन कड सगळीकडून नीट बसली का ते पाहावं, हवा सोडावी म्हणजे ट्यूबच्या घड्या मोडतात, आणि मग सावकाश भरावी. मॉडेल एला ३५ पौंड पुरतात. मॉडेल टीच्या क्लिंचरला ५५ ते ६० पौंड लागतात, आणि तिथे कमी हवा चालतच नाही, कारण त्या टायरला धरून ठेवणारी दुसरी कोणतीच गोष्ट नाही. हवा कमी असली तर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. रिमचेच तुकडे असलेली किंवा लॉक रिंगची, म्हणजे टायर अडवून धरणाऱ्या सुट्या लोखंडी कड्याची, चाकं असतील तर ती घरी हाताळू नयेत. लॉक रिंग उडाली तर माणूस मरतो. ते काम लोखंडी पिंजऱ्यात हवा भरणाऱ्या कारागिराकडेच द्यावं.

तुमच्या घरी आजोबांची गाडी गोठ्यात उभी असेल आणि टायरमधली हवा गेलेली असेल, तर नव्या टायरची चौकशी नंतर करा. आधी गाडी जॅकवर उचलून चारही बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. सपाट टायरवर उभ्या गाडीचं सगळं वजन रिमच्या कडेवर येतं, खालची ओल तिथेच साचते, आणि रिम सगळ्यांत आधी त्याच जागी कुजते.