उडीचे शिक्षण

मनुष्याच्या सेवेत असलेल्या प्राण्यांमध्ये कुत्र्याइतकी निरनिराळी कामे करणारा दुसरा प्राणी क्वचितच आढळेल. तो मेंढरे राखतो, गुन्हेगाराचा माग काढतो, जमिनीत पुरलेली स्फोटके हुंगून दाखवितो आणि कोसळलेल्या घराखाली अडकलेल्या माणसाचा ठावही सांगतो. ही कामे करताना त्याला सपाट रस्ता क्वचितच लाभतो. वाटेत कोठे चर आडवा येतो, कोठे कुंपण, तर कोठे पडकी भिंत. म्हणून अशा श्वानाला उडी शिकविणे हा त्याच्या शिक्षणाचा एक आवश्यक भाग होय.

आपल्या देशात या शिक्षणाची व्यवस्था मोठ्या काळजीने केलेली आहे. भारतीय सेनेच्या श्वानांचे शिक्षण मेरठ येथे १९६० सालापासून सुरू झाले. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वान-प्रशिक्षण केंद्र असून ते १९७० साली स्थापन झाले. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, बेल्जियन मॅलिनॉइज या जातींचे कुत्रे या कामासाठी विशेषेकरून निवडतात. प्रत्येक श्वानास सांभाळणारा जवान ठरलेला असतो. त्यास श्वानहस्तक म्हणतात.

येथे कोणी विचारील, की उडी मारणे तर कुत्र्याला उपजतच येते. मग ती शिकवायची कशाला? उडी उपजत येते, हे खरे. परंतु सुरक्षित उडी उपजत येत नाही. पिलाच्या अंगी उत्साह अमाप असतो आणि जोखीम ओळखण्याची बुद्धी मात्र त्या मानाने थोडी असते. ही उणीव शिक्षकाने भरून काढावयाची असते.

उडीचा धोका कशात आहे हे समजण्यासाठी कुत्र्याच्या शरीराची रचना पाहिली पाहिजे. उडी घेताना तो मागच्या पायांनी जमिनीस रेटा देतो. परंतु जमिनीवर उतरतो तो आधी पुढच्या पायांवर. कुत्रा नुसता उभा असला, तरी त्याच्या वजनाचा शेकडा ६० च्या आसपास भाग पुढच्या पायांवर असतो. उतरताना तर साऱ्या शरीराचा भार क्षणभर त्यांच्यावरच येतो आणि वेगामुळे तो कितीतरी वाढतो. माणसाच्या खांद्याला गळ्याच्या हाडाचा आधार असतो. कुत्र्याला तसा आधार नाही. त्याचे पुढचे पाय धडाशी केवळ स्नायूंनी जोडलेले असतात. हे स्नायू झोळीप्रमाणे धक्का झेलतात. ते बळकट असतील तर धक्का जिरतो. ते दुबळे किंवा थकलेले असतील तर तो सांध्यांना भोगावा लागतो.

दुसरी गोष्ट वयाची. पिलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेचा एक पट्टा असतो. हाडाची लांबी वाढते ती या पट्ट्यामुळे. मोठ्या जातींच्या कुत्र्यांत हा पट्टा पक्क्या हाडात बदलण्यास सुमारे १२ ते १८ महिने लागतात. तोपर्यंत त्यावर जोराचा आघात झाला, तर पायाची वाढ खुंटते किंवा पाय वाकडा होतो. आठ-नऊ महिन्यांचे पिलू दिसावयास पूर्ण वाढलेले दिसते. पण त्याची हाडे अजून कच्चीच असतात. कच्च्या भांड्यात पाणी भरू नये, तसेच हे आहे.

मग या काळात शिकवावयाचे तरी काय? जाणता शिक्षक आरंभी उडी शिकवीतच नाही. तो चार-पाच काठ्या अंतराअंतराने जमिनीवर ठेवतो आणि पिलाला त्यांवरून सावकाश चालवितो. पाय काठीला लागू नये म्हणून पिलू प्रत्येक पाऊल पाहून उचलू लागते. कुत्र्याला पुढच्या पायांचे भान सहज असते, मागच्या पायांचे मात्र शिकवावे लागते. पुढे त्याला जमिनीलगतच्या रुंद फळीवरून तोल सांभाळीत चालावयास लावतात. याच वेळी ‘थांब’ ही आज्ञा पक्की करून घेतात. ज्याला थांबता येत नाही, त्याला उडी शिकवू नये, हा या विद्येतील पहिला नियम होय.

पशुवैद्याने हाडांची वाढ पुरी झाल्याचे सांगितले, म्हणजे खऱ्या उडीस प्रारंभ होतो. आडवी काठी प्रथम अगदी खाली असते आणि ती दिवसांच्या नव्हे, तर आठवड्यांच्या हिशेबाने वर चढते. काठी नुसती टेकवून ठेवलेली असते. पाय लागताच ती खाली पडावी आणि कुत्र्यास इजा होऊ नये, हा त्यातील हेतू. जमीन हिरवळीची किंवा भुसभुशीत मातीची असावी. फरशी, ओले गवत आणि उन्हाने तापलेला डांबरी रस्ता सर्वथा टाळावा. आधी थोडे चालवून अंग मोकळे करावे. पोट भरलेले असताना उडी घेऊ देऊ नये. कुत्रा काठीसमोर सरळ रेषेत धावत यावा, कारण तिरप्या उडीत शरीरास पीळ पडतो. उड्या थोड्याच घ्याव्यात आणि श्वान ताजातवाना असतानाच धडा संपवावा. चांगल्या उडीनंतर शाबासकीचा शब्द, आवडता चेंडू किंवा खाऊचा तुकडा मिळाला, की पुढच्या धड्याची गोडी आपोआप उत्पन्न होते.

चढण्यापेक्षा उतरण्यात धोका अधिक असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उंच मोटारगाडीतून कुत्र्याने रोज खाली उडी मारली, तर त्याचे खांदे व मनगटे अकाली झिजतात. म्हणून गाडीला उतरती फळी लावतात किंवा हस्तक त्याला उचलून खाली ठेवतो. भिंतीवर चढलेल्या श्वानालाही आधी थांबवून, मग हाताचा आधार देऊन उतरविणे हे शहाणपणाचे.

कधी कधी धावत आलेला कुत्रा काठीपाशी येऊन एकदम थांबतो. अजाण मनुष्य त्याला हट्टी समजून दटावतो. जाणता शिक्षक मात्र त्याचे पंजे तपासतो, सांधे चाचपतो आणि काठी खाली घेतो. न थांबणाऱ्या कुत्र्याची तर त्याला अधिकच काळजी असते. कुत्रा मालकाच्या एका शब्दासाठी दुखऱ्या पायानेही उडी घेतो. आपले दुःख त्याला बोलून दाखविता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने ‘नको’ म्हणणे हे हस्तकाचेच कर्तव्य ठरते. उतावीळपणे केलेली एक चूक कुत्र्यास जन्माचा पांगळा करू शकते; आणि त्याबरोबर त्याने ज्यांचे प्राण वाचविले असते, त्यांची आशाही नाहीशी होते.

ही आशा किती मोलाची असते, हे ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात झालेल्या भूकंपात जगाने पाहिले. तेथे मदतीस गेलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पथकांबरोबर ज्यूली आणि रोमिओ हे श्वानही होते. ढिगाऱ्याखाली सहा वर्षांची एक मुलगी जिवंत आहे, हे त्यांनी हुंगून दाखविले आणि जवानांनी तिला सुखरूप बाहेर काढले.

अशा ढिगाऱ्यात अणकुचीदार गज असतात आणि दगड पायाखाली डळमळतात. तेथे आंधळी उडी घेणारा श्वान स्वतः जखमी होतो आणि खालच्या माणसावर आणखी दगड लोटतो. म्हणून शोधकार्याच्या श्वानाला तेथे पाऊल चाचपून, हळूहळू पुढे जाण्यास शिकवितात. पिलूपणी काठ्यांवरून चालताना जे शिकले, ते येथे कामास येते. उडी कशी घ्यावी हे ज्याला उत्तम शिकविले आहे, त्यालाच ती कोठे घेऊ नये हेही समजते. श्वानाच्या शिक्षणाची पूर्णता यातच आहे.