बिबट्याची गुंगी आणि माणसाची भूल

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात राहणाऱ्या वाचकांना पुढील दृश्य नवे वाटणार नाही. सकाळी मोटार सुरू करायला गेलेल्या शेतकऱ्याला विहिरीतून गुरगुर ऐकू येते. कठडा नसलेल्या त्या विहिरीत रात्री बिबट्या पडलेला असतो. तासाभरात सारा गाव तेथे लोटतो. कुणी झाडावर चढतो, तर कुणी पत्र्याच्या छपरावर. वनखात्याची गाडी येते. तिच्यातून उतरलेले पशुवैद्य सर्वांत आधी एकच विनंती करतात : "मागे सरका आणि शांत राहा!"

लोकांना हे थोडे विचित्र वाटते. बिबट्याला गुंगीच द्यायची आहे, मग त्याला आवाजाचा त्रास तो काय होणार? प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधताना आपल्याला माणसांच्या शस्त्रक्रियागृहातही डोकवावे लागते.

उसातला रुग्ण

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत धरणांचे पाणी आले आणि उसाची शेती वाढली. ऊस वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ शेतात उभा असतो. दाट आडोसा, जवळ पाणी आणि वस्तीभोवती कुत्री, शेळ्या असे सर्व मिळाल्यावर बिबट्या तेथे राहू लागला, यात नवल नाही. माद्या उसातच पिलांना जन्म देतात. या शेजारापायी काही कुटुंबांनी आपली माणसे, लहान मुलेही गमावली आहेत. तेव्हा गावकऱ्यांची भीती खोटी नाही.

२००१ ते २००३ या काळात वनखात्याने या भागात मोठ्या संख्येने बिबटे पकडले. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. जखम शिवायची असो वा रक्त तपासायचे असो, या रुग्णाला "जरा हलू नका हं" असे सांगून भागत नाही. म्हणून गुंगीचे औषध द्यावे लागते.

उडणारी पिचकारी

हे औषध दुरून टोचतात. त्यासाठी वापरला जाणारा बाण म्हणजे खरे तर उडणारी इंजेक्शनची पिचकारीच. अंतर थोडे असेल तर ती नळीतून फुंकून मारतात, जास्त असेल तर बंदुकीतून. सुई मांडीच्या जाड स्नायूत शिरली, की दाबाने औषध आत ढकलले जाते.

चित्रपटात बाण लागताच प्राणी कोसळतो. प्रत्यक्षात औषध स्नायूतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचण्यास काही मिनिटे लागतात. म्हणूनच विहिरीतल्या पाण्यात पोहणाऱ्या बिबट्याला बाण मारत नाहीत; गुंगी चढताच तो बुडेल! आधी खाट किंवा फळी सोडून त्याला आधार देतात, मग पिंजरा सोडून वर काढतात. औषध त्यानंतर.

मात्रा ठरते वजनावरून. पण बिबट्या तराजूवर कसा बसणार? वजन नजरेने अजमावावे लागते. समजा, ४० किलोची मादी ६० किलोची वाटली, तर तिला दर किलोमागे दीडपट औषध जाईल. अंदाज चुकण्याची किंमत अशी मोठी असते.

जागे, पण तुटलेले

बिबट्यासाठी सामान्यतः केटामीन आणि झायलाझीन ही दोन औषधे एकत्र वापरतात. यांपैकी केटामीन माणसांनाही देतात. ते १९६२ साली अमेरिकेत कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले. १९६४ साली ते प्रथम माणसांना देण्यात आले. ते स्वयंसेवक तुरुंगातील कैदी होते. त्यांनी सांगितलेला अनुभव चमत्कारिक होता. आपण हवेत तरंगत आहोत, आपल्याला हातपायच नाहीत, असे त्यांना वाटले होते. प्रयोग करणारे डॉ. एडवर्ड डोमिनो यांनी हे घरी सांगितले, तेव्हा त्यांच्या पत्नीने 'संबंध तोडणारी भूल' अशा अर्थाचे नाव सुचविले. ते नाव आजही टिकून आहे.

आपल्या मेंदूतील पेशी ग्लुटामेट नावाच्या रसायनाद्वारे एकमेकींना निरोप देतात. ते निरोप घेणाऱ्या एका प्रकारच्या दारांना केटामीन अडवून धरते. त्यामुळे शरीराकडून येणाऱ्या संवेदना आणि त्यांचे भान यांची फारकत होते. वेदना जाणवत नाही, पण डोळे उघडे राहतात. श्वास सहसा चालू राहतो. त्यामुळे जेथे मोठी यंत्रसामग्री नाही, अशा ठिकाणीही जाणकाराच्या देखरेखीखाली हे औषध उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

चार वेगवेगळी बटणे

दुर्बिणीने पोटाची तपासणी करून आलेले एखादे आजोबा सांगतात, "मला तर गाढ झोप लागली होती." डॉक्टर मात्र म्हणतात, "ते आमच्या सूचना ऐकून कूस बदलत होते!" दोघेही खरे बोलत असतात. अशा वेळी मिडाझोलामसारखे शामक औषध देतात. त्याने चिंता कमी होते, तंद्री येते. आणि त्या वेळच्या आठवणी मेंदूत नीट नोंदल्याच जात नाहीत. आजोबा थोडे जागे होते; पण मागे आठवण उरली नाही.

उलट अनुभवही असतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने माणूस बोटही हलवू शकत नाही, पण त्या औषधाने वेदना किंवा भान जात नाही. म्हणून शस्त्रक्रियेत ते भुलेच्या जोडीनेच वापरतात. पूर्वी, १९५०-६०च्या सुमारास, परदेशांत वन्य प्राणी पकडण्यासाठी असे औषध एकटेच वापरले जाई. प्राणी निपचित पडत. पाहणाऱ्यांना वाटे, ते झोपले. प्रत्यक्षात त्यांना सर्व काही जाणवत असे!

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. हालचाल, वेदना, भान आणि आठवण ही जणू चार वेगवेगळी बटणे आहेत. एक बंद झाले म्हणजे बाकीची बंद झालीच, असे नाही.

न बोलणाऱ्या रुग्णाची काळजी

आता विहिरीजवळ परत येऊ. केटामीन दिलेली माणसे शुद्धीवर येताना कधी कधी विचित्र स्वप्ने पडल्याचे, घाबरल्याचे सांगतात. गोंगाटाने आणि झगमगाटाने हा त्रास वाढू शकतो. म्हणून रुग्णाला शांत जागी ठेवतात. बिबट्याला काय वाटते, ते तो सांगू शकत नाही. पण गुंगी चढत असताना गलका झाला, तर तो बिथरतो, औषधाशी झगडतो आणि पुरेशी गुंगी येत नाही, हे पशुवैद्यांना माहीत असते. कान तर बऱ्याच उशिरापर्यंत जागे असतात. म्हणून ती विनंती!

उघड्या डोळ्यांची पापणी लवत नाही, तेव्हा डोळे सुकू नयेत म्हणून त्यांत मलम घालून वर कापड बांधतात. केटामीनने स्नायू ताठरतात. ते झायलाझीनने सैल पडतात. पण झायलाझीनने उलटी होऊ शकते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून मान नीट ठेवणे, श्वास मोजणे, ताप पाहणे हे सतत चालू असते. उन्हाळ्यात अंगावर पाणी घालावे लागते. झायलाझीनवर योहिंबीन हा उतारा आहे; केटामीनवर मात्र उतारा नाही. ते ओसरेपर्यंत वाट पाहणे, एवढेच हाती असते.

याच वेळात भाताच्या दाण्याएवढी ओळखचिप कातडीखाली बसवता येते. २००९ साली टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला गुंगीत असताना गळपट्टाही बांधला आणि माळशेज घाटात सोडले. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईजवळच्या जंगलापर्यंत गेला. 'आजोबा' या नावाने तो प्रसिद्ध झाला. २०११ साली वाहनाच्या धडकेने तो मेला, तेव्हा चिपवरून त्याची ओळख पटली.

मित्रांनो, ही औषधे तज्ज्ञांच्याच हाती असावीत, म्हणून त्यांच्यावर कायद्याचे कडक नियंत्रण आहे. पण तुम्हालाही एक निरीक्षण करता येईल. घरात कुणाला भूल दिली गेली असेल, तर त्यांना विचारा : शेवटची आठवण कोणती? नंतरची पहिली कोणती? मध्ये काय जाणवले? उत्तरे वहीत लिहा आणि कोणते बटण बंद होते, ते ठरवा. आणि कधी गावात विहिरीभोवती गर्दी जमलीच, तर लांब उभे राहून शेजाऱ्याला हळूच सांगा, "गप्प राहा, त्याला ऐकू येतंय!"